शालनचा वेल

“आक्का, एवढं आळं बास, का अजून थोरलं करू?”

शालननं परड्यातनं विचारलं तेव्हा तिच्या हातात माझं खुरपं होतं, अंगावर माझं जुनं हिरवं पातळ होतं, आणि ती गुडघे टेकून बसली होती ती जागाही माझीच होती. मी मागच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. डोक्याला रुमाल, मांडीवर शाल, पायांत मोजे. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते आणि दुसरी केमो घेऊन आठ.

“थोरलं कर,” मी म्हटलं. “वेल हाय तो, वांगं न्हवं. पाय पसरायला जागा लागती त्याला.”

“तुझ्यागत,” ती म्हणाली. “एका वाकळंत झोपायचो तवा मला भितीला चिकटवून तू पाय पसरायचीस.”

मी हसले. आठ वर्षांनी धाकटी माझी बहीण. भिंतीला चिकटून झोपायची आणि सकाळी कुरकुर करायची नाही. आळं थोरलं झालं. तिनं त्यात शेणखत मुठीनं चुरून घातलं आणि दुधी भोपळ्याच्या चार बिया टोचल्या, टोक खाली करून, मी सांगितलं तशा. मग वरनं माती सारताना तिनं तळहात असा हलकेच फिरवला की जणू कुणाच्या पाठीवरनं फिरवतेय. तो हात बघून माझ्या पोटात पहिल्यांदा कळ आली. ती औषधाची नव्हती.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बरंच काही सांगितलं होतं. केस जातील, तोंड येईल, नखं काळी पडतील. ते सगळं मी मान हलवून ऐकून घेतलं. छातीची एक बाजू काढून झाली होती, केसांचं काय घेऊन बसायचं. मग शेवटी, कागद आवरता आवरता ते म्हणाले, की या दिवसांत मातीतला एवढासा जंतूही अंगावर येतो, तेव्हा मातीत हात घालायचा नाही, कच्चं काही खायचं नाही. घरी बागबिग नाही ना? तेव्हा मी रडले. बाहेर बसलेल्या बायकांना वाटलं, हिला आजार आत्ताच समजला.

अठरा वर्षांचं परडं होतं ते. मी लग्न होऊन आले तेव्हा घरामागच्या त्या दीड गुंठ्यात विटांचे तुकडे आणि एरंड होता. मी खडे वेचले, पाट्या भरभरून शेणखत ओढलं, शेराचं कुंपण लावलं. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, हौदाकडेला मिरच्या-वांगी, मधे पालेभाज्यांचे वाफे, आणि भिंतीलगत वेलांचा मांडव. माझी भाकरी कधी सासूच्या मनाला आली नाही, शिवण तर मला यायचंच नाही. पण गल्लीत कुणाच्या घरी पाहुणा आला की बाई पदरात सूप घेऊन माझ्या मागच्या दाराशी यायची. “वैजयंता, दोडका हाय का गं?” असायचाच. माझं सगळं मोठेपण त्या सुपाएवढं होतं, पण होतं.

आणि आता तिथं शालन होती. निपाणीकडं दिली होती तिला. पाच वर्षांत मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी आणली, ही पिशवी घेऊन माहेरी आली. भावाच्या घरात एका कोपऱ्यात शिलाई मशीन टाकून जगत होती. माझं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तीच पिशवी घेऊन ती माझ्याकडं आली. कुणी बोलावलं नव्हतं. ती येताच माझी नऊ वर्षांची स्नेहल तिच्या कमरेला जी बिलगली ती सुटायचं नाव घेईना.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला जे काही सुख होतं ते त्या मागच्या दारातच होतं. फोडणीच्या वासानं पोट ढवळायचं, साबणाच्या वासानं ढवळायचं, आमचे हे साखर कारखान्यातनं येताना अंगावर मळीचा वास घेऊन यायचे त्यानंही ढवळायचं. एकच वास अंगी लागायचा, वाफ्यात पाणी सोडल्यावर उठतो तो. मी डोळे मिटून तो ओढून घ्यायची. कोथिंबिरीचे धने चपलेनं रगडून दोन कसे करायचे, मेथी दाट का पेरायची, वांग्याचं रोप सकाळी नाही तर ऊन उतरल्यावर का लावायचं, एकेक सांगायची आणि ती करायची. मेथी उगवताना मातीचा पापुद्रा भाकरीसारखा फुगून वर येतो. तो फुगलेला बघायला मी तापात उठून बसले होते.

पण सगळं तिच्या हाताला यायला लागलं. मेथी आली ती अशी, की बोट शिरेना. वांग्यांना जांभळी फुलं लागली. आणि आमचे हे, अठरा वर्षांत ज्यांनी परड्यात पाऊल टाकलं ते फक्त दात घासायला, ते आता कामावरनं आले की हौदातनं बादल्या भरून द्यायला लागले.

“दाजी, बुडख्यात घाला. पानावर कशाला?”

“पानं धुऊन निघत्यात की.”

“पोरगी हाय व्हय ती, न्हाऊ घालायला?”

दोघं हसायचे. साधं हसणं. मी खुर्चीत बसून त्या हसण्याला चाळणीनं चाळायची, काही राहतंय का बघायला. पाणी घालताना शालन गुणगुणायची. तिच्या लग्नात मीच तिच्यासाठी जोडलेली ओवी:

*वेल चढला मांडवाला, धरून काठीचा आधार,*
*पाठची गं माझी बहीण, तिला माहेराचं दार.*

शब्द माझे, चाल माझी, मांडव माझा. आणि ती गात होती वेलाला.

पहिला महिनाभर हे सगळं मी आतल्या आत गिळलं. मग चंद्राआत्ती आल्या. ह्यांच्या आत्या, सत्तरीच्या, मनानं वाईट नाहीत. येताना मोसंबी घेऊन आल्या. परड्यात डोकावल्या, हिरवंगार बघून खूश झाल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाल्या, “देवानं सोय करून ठेवलीया बघ. उद्या तुझं काय बरंवाईट झालंच, तर पोरगीला परकी आई यायला नको. शालन हायच की.”

आत शालन चहा गाळत होती. कपबशांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. ती ऐकत होती. मी मनात धरलं, की ऐकत होती म्हणजे तिला ते रुचलं.

त्यानंतर घरात जे दिसेल त्याला एकच रंग यायला लागला. स्नेहल म्हणाली, मावशी वेण्या घट्ट घालते, तू सैल घालायचीस. माझ्या डोक्यावर तेव्हा एक केस नव्हता. ह्यांचा डबा ती भरायची आणि ह्यांना ठेचा कमी तिखट लागतो हे तिला माहीत झालं होतं. माझ्या गादीवरची चादर तिनं बदलली तरी मला वाटायचं, स्वतः तिथं कशी दिसेल ते बघतेय.

वेल मांडवावर चढला. फाल्गुन लागला तेव्हा मांडवाखाली सावली पडायला लागली. माझ्याकडं बघायला येणाऱ्या बायका आधी मागच्या दाराशी जायच्या. “शालनचा वेल बघितलासा का?” म्हणायच्या एकमेकींना. शालनचा वेल. अठरा वर्षांत माझ्या कुठल्या वेलाला कुणी माझं नाव दिलं नव्हतं. दोडका दोडकाच असायचा.

शिमग्याच्या आदल्या दिवशी ती धावत आली. हात ओले, चेहरा असा की पत्र आलंय. “आक्का, लागला. चल दावते.” तिनं मला चपला घातल्या, तोंडाला फडकं बांधलं, काखेत हात घालून मांडवाखाली नेलं. पानाआड पांढरं फूल होतं, आदल्या संध्याकाळी उमलून आता मिटलेलं, आणि त्याच्या खाली बोटाच्या पेराएवढा दुधी. अंगावर लव. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या कानावर असते ना, तशी.

आमच्याकडं कोवळ्या फळाला बोट दाखवत नाहीत. काकडी असो, दोडका असो, भोपळा असो. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून दाखवायचं. सरळ बोट दाखवलं की फळ कुजतं, गळून जातं. पोरीबाळींना हे बोलायला लागल्यापासनं माहीत असतं, आणि चुकून बोट दाखवलंच तर ते दातांखाली धरायचं असतं.

मी म्हटलं, “कुठाय? मला दिसंना.” आणि बोट सरळ करून त्याच्यावर रोखलं. “हे व्हय?”

शालननं झटकन माझं बोट तिच्या मुठीत घेतलं आणि हळूच मुडपलं. “आक्का, असं गं काय? इसरलीस व्हय?”

“इसरले,” मी म्हटलं.

चौथ्या दिवशी तो पेराएवढा दुधी पिवळा पडला. पाचव्या दिवशी गळला. शालन तो ओंजळीत घेऊन माझ्याकडं आली. मी “असू दे, पैलाच हाय” म्हटलं. आणि ती वळल्यावर मला आनंद झाला. लिहिताना हात अडतो, पण झाला. कितीतरी आठवड्यांनी माझ्याकडनं काहीतरी घडलं होतं.

मग तो माझा रोजचा उद्योग झाला. हे कामाला गेले, स्नेहल शाळेत गेली, शालन आत भाकऱ्या थापायला बसली, की मी शालीखालनं हात काढायची. लांबनं, खुर्चीतनंच. हा. हा. आणि तो पलीकडचा, काठीजवळचा. एकेकाला सरळ बोट. एकेक पिवळा पडायचा आणि गळायचा. मांडव हिरवागार, पानं ताटाएवढी, संध्याकाळी पांढऱ्या फुलांनी भरलेला, आणि फळ एक नाही. पाडव्यापर्यंत अकरा गळले.

शालननं काय काय केलं. राख टाकली. ताक शिंपडलं. मांडवाला जुनं पायताण बांधलं दृष्ट लागू नये म्हणून. ती गायची बंद झाली. एक दिवस माझे पाय चेपताना तिनं विचारलं, “आक्का, कशानं गं गळत असतील? तू सांगितलंस तसं समदं केलं मी.”

मी तिच्याकडं न बघता म्हटलं, “एकेकीच्या हाताला फळ न्हाई लागत.”

पाच वर्षं मूल झालं नाही म्हणून घराबाहेर काढलेल्या बाईला मी हे म्हटलं. मग तिनं उरलेला पाय चेपला, तो पहिल्याइतकाच वेळ चेपला, मोजे घातले, आणि उठून गेली.

त्यानंतर तिचं आणि ह्यांचं कुजबुजणं सुरू झालं. हौदापाशी दोघं हळू बोलायचे, मी दारात आले की बादलीचा आवाज व्हायचा. एकदा मी ह्यांना विचारलं, काय चाललंय. हे म्हणाले, कुठं काय. ह्यांना खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात. कान लाल झाले होते. मी भिंतीकडं तोंड करून पडले. पाचवी केमो व्हायची होती आणि माझ्या मनानं घेतलं होतं, की आता नाही जायचं. कशाला जायचं? जागा तर भरलेली आहे. ह्यांना तसं सांगितलंही.

दोन दिवसांनी ते कामावरनं उशिरा आले. हातात पिशवी होती. पिशवी स्वयंपाकघरात आली नाही. मी कान देऊन होते. ती परस्पर मागं गेली. मला वाटलं, पातळ आणलंय तिला. पाडवा होऊन गेला होता, मला काही आणलं नव्हतं, मीच नको म्हटलं होतं. तिन्हीसांज होत होती. स्नेहल शेजारी खेळायला गेली होती. मी उठले. भिंतीला धरून, दाराला धरून, हौदाला धरून मांडवाच्या आडोशाला जाऊन उभी राहिले. काय बघायला मिळेल याची मी मनात तयारी केली होती. ते बघायचं आणि मग शांतपणे मरायचं, असं काहीतरी ठरवलं होतं.

हे मांडवाखाली हात वर करून उभे होते. दोन्ही हातांत एक दुधी. चांगला हातभर लांब, बाजारातला. नव्या बापानं पोर धरावं तसा अवघडून धरलेला. शालन जुन्या दगडी पाट्यावर चढून वेलाला दोरा बांधत होती.

“वर धरा जरा, दाजी. अजून. हां.”

“काळा दोरा का घेतलास? दिसतोय की.”

“हिरवा संपलाय. लांबनं न्हाई दिसायचा.”

“कळंल तिला. अठरा वर्षं ह्यातच गेली तिची.”

“जवळ येऊच द्यायची न्हाई. खुर्चीतनं दावायचा.” ती जरा थांबली. “दाजी, ती रोज मोजते ओ. तुम्ही कामावर असता, मी खिडकीतनं बघते. बोट करून एकेक मोजते. मोजलेला गळला की तोंड बारीक करून बसते. ह्या वेलावर जीव लावून बसलीया ती. आन आता म्हणते, केमो नको. एक जरी लागलेला दिसला न्हवं, तर जाईल ती.”

“आन हा बी गळला तर?”

“बाजारातला हाय. गळंल कशानं?”

दोघंही हसले. दबून, नाकातनं. तेच हसणं, जे मी तीन महिने चाळत होते. त्यात काही नव्हतं. म्हणजे होतं, पण ते माझंच होतं.

मला मागच्या मागं परत जाता आलं असतं. सकाळी खुर्चीत बसून ‘अगंबाई, लागला की’ म्हणता आलं असतं. पण तो बांधलेला दुधी मला बघवेना.

मी पुढं झाले. “देठ उघडा दिसतोय,” म्हटलं. “कापलेला देठ वेलाला कुठं असतोय? त्याच्यावर पान आडवं घे. आन दोन वेढे दे, एका वेढ्यानं वाऱ्याला फिरंल तो.”

हे तसेच राहिले, हात वर, चोर पकडावा तसे. शालन पाट्यावरनं खाली उतरली आणि तोंडावर पदर धरून रडायला लागली.

“मोजत न्हवते मी,” मी म्हटलं.

तिला कळेना.

“बोट दावत होते. सरळ. रोज.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

हे काय समजले कुणास ठाऊक, दुधी दोऱ्यातनं सोडवून छातीशी धरून घरात गेले. आम्ही दोघी राहिलो. मी पाट्यावर बसले. आणि एकदा सांगायला लागल्यावर जे सगळ्यात खाली होतं तेही वर आलं.

“आन बोटानं न्हाई गळले ते,” मी म्हटलं. “कशानं गळत्यात मला पैल्या दिवसापासनं ठाऊक हाय. ही फुलं तिन्हीसांजेला उमलत्यात. रातची बारकी पाखरं बसली तर फळ धरतंय. शेजारच्या उसाला औषधं मारायला लागल्यापासनं पाखरं येत न्हाईत. दहा वर्षं मी हातानं करते, नराचं फूल मादीला लावते. तुला समदं सांगितलं. एवढंच न्हाई सांगितलं.”

शालननं पदर तोंडावरनं काढला. ती वेलाकडं बघत होती, माझ्याकडं नाही. वर एकेक पांढरं फूल सुटत होतं, घडी मोडावी तसं.

“मला वाटलं माझ्या हातानंच गळत्यात,” ती म्हणाली. “तू म्हणालीस तसं.”

मी तिचा हात धरला. मातीनं भरलेला होता, नखांत माती होती. मला धरायची बंदी होती, पण धरला.

“चंद्राआत्ती बोलल्या ते तू ऐकलंस न्हवं?”

“ऐकलं. त्या दिवशी च्यात साखरंच्या जागी मीठ पडलं माझ्याकडनं.”

“आत्तींनी पिला?”

“बशी चाटून.”

मला हसू आलं आणि ते थांबेना, आणि त्यातच रडू मिसळलं. शालन माझ्या पुढ्यात उकिडवी बसली. “आक्का, खरं सांगू? दाजी घोरायला लागले की माझ्या खोलीची भीत हालते. मला नवरा करायचा झाला तर माझा मी बघीन. तुझा कशाला?”

“ऐक,” मी म्हटलं. “मी गेले तर तू इथंच ऱ्हा. स्नेहलला तूच पायजेस. परडंबी तुझं. पर मी गेल्यावर. आदी न्हाई.”

“आन न्हाई गेलीस तर?”

“तर आपल्या घरी जा.”

ती नाक पुसून म्हणाली, “बरं. आता फुलं दाव.”

मी हात पाठीमागं बांधले आणि तिला दाखवलं. लांब देठाचं, ज्याच्याखाली काही नाही, तो नर. ज्याच्याखाली बारका दुधी, ती मादी. नर तोडायचा, पाकळ्या मागं सारायच्या, मधला दांडा मादीच्या मधोमध टेकवायचा. दाबायचं नाही. कानात काही सांगावं तसं. पहिल्या फुलाला तिनं तीनतीनदा टेकवलं. मी म्हटलं, पुरे, एकदाच सांगितलं तरी ऐकतात त्या. त्या संध्याकाळी चार फुलं झाली. अंधार पडेस्तोवर आम्ही तिथंच होतो. दुधीची भाजी ह्यांनी स्वतःच टाकली होती. जून निघाला, आत बी झालेला. बाजार कधी केलाय ह्यांनी. पण सगळ्यांनी खाल्ली, मीही दोन घास खाल्ले.

चारातले तीन धरले. सहाव्या दिवशी त्यांच्या माना खाली झुकल्या, आणि मान झुकली की फळ राहिलं हे मला माहीत होतं. शालनला मी ते सांगितलं तेव्हा ती धावत जाऊन खिडकीतनं स्नेहलला हाका मारायला लागली. मी केमोला गेले. पाचव्या, आणि मग सहाव्यालाही.

जळणं गेलं का? नाही गेलं. तिनं पहिला दुधी उतरवून सुपात घालून गल्लीत फिरवला आणि बायका म्हणाल्या ‘शालनच्या वेलाचा’, तेव्हा मला पुन्हा कळ आली. पण आता मी ती कळ तिला बोलून दाखवायची. “लई मिरवू नको,” म्हणायची. ती म्हणायची, “मिरवणार.” त्या वर्षी एकवीस दुधी निघाले त्या वेलाला.

मृगाच्या आधी डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू मातीत हात घालायला हरकत नाही. आम्ही कोल्हापूरहून घरी आलो तर शालनची पिशवी उंबऱ्यात भरून ठेवलेली. मी जा म्हटलं नव्हतं. तिनंही मी काय म्हटलं होतं ते काढलं नाही. ह्यांना म्हणाली, भाऊ मशीन विकायला निघालाय, बघायला पाहिजे. स्नेहल दोन दिवस जेवली नाही. आज सोळा वर्षं झाली त्याला. शालनचं गारगोटीला स्वतःचं दुकान आहे, पुढं तिनं तिच्या मनानं घरही केलं आणि माणूसही. तिच्या अंगणातले दुधी माझ्यापेक्षा लांब येतात, असं ती म्हणते. मी बघायला जाते आणि म्हणते, पाणचट आहेत.

ती गेली त्या दिवशी संध्याकाळी मी एकटी परड्यात गेले. चपला काढल्या. वाफ्याच्या काठाला बसले आणि दोन्ही हात मनगटापर्यंत मातीत घातले. वरची माती कोमट होती, आतली गार. इतकी गार, की दंडापर्यंत शिरशिरी आली. मी बराच वेळ तशीच बसले होते, काही न लावता, काही न उपटता. मग उठून पाणी घातलं. वांग्यांना घातलं, मिरच्यांना घातलं. आणि मला असं वाटलं, की सगळी रोपं कुणाची तरी वाट बघतायत. पाणी घेत होती, पण लक्ष माझ्याकडं नव्हतं. मागच्या दाराकडं होतं.

मी बादली खाली ठेवली. “ती न्हाई यायची आता,” मी त्यांना सांगितलं. “मी हाय. माझ्यासंगं जमवून घ्या.”

वारा नव्हता. एकाही पानानं मान हलवली नाही. मी दुसरी बादली भरायला हौदाकडं गेले.